चौथा रकाना

हसण्याचा आवाज आला तेव्हा मी सातव्या संगणकाच्या मागे वाकून सैल झालेली केबल खोचत होते. दुपारचा तास, खिडक्या बंद, तरी गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घातलेली मिरची घशात येत होती. नंदुरबारात जानेवारीत शिंकणाऱ्या माणसाला सर्दी झाली का असं कुणी विचारत नाही. वीज होती म्हणून सगळ्यांची कामाची घाई चालली होती, आणि रांगेच्या त्या टोकाला चार-पाच मुली एका पडद्याभोवती जमल्या होत्या. मधोमध रुचिका पाटील, हात नाचवत काहीतरी सांगत होती. "पप्पास्ना वर्गमा एक बाई व्हती," ती अहिराणीत म्हणाली, "डोंगरमाईन उनेल. पेपरमा लिखेल व्हतं 'विचार'. ते तिनी काय करं? शेजारनीले इचारं." सगळ्या हसल्या. रिनासुद्धा हसली, डोंगरातल्या मोलगीच्याही वरून आलेली रिना, इतरांच्या मागून अर्ध्या क्षणानं, आपण हसलो नाही तर आपल्याला कळलं नाही असं होईल म्हणून माणूस हसतो तसं. ते हसणं मला चांगलं ओळखीचं आहे. मी वाकलेलीच राहिले. केबल केव्हाच बसली होती, पण मी तिच्याशी चाळा करत राहिले, कारण वर उठले असते तर माझा चेहरा त्यांना दिसला असता. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. ती बाई मी. माझं गेलेलं वर्ष, माझी गेलेली नोकरी, माझ्या बापाची खाली गेलेली मान, ह्या सगळ्याचा त्या माणसानं एक विनोद करून ठेवला होता, जेवायला बसल्यावर सांगायला. पोरीनं तो लहानपणापासून ऐकला असणार. मग मी उठून टेबलाशी गेले आणि हजेरीपट उघडला. पाटील रुचिका धर्मेंद्र. जूनपासून रोज मी हे नाव वाचत होते आणि रोज पुढे जात होते, कारण आमच्या अध्यापक विद्यालयात अडतीसपैकी अकरा जण पाटील आहेत आणि धर्मेंद्र ह्या नावाचे बाप ह्या जिल्ह्यात ढिगानं सापडतील.

मला मराठी भेटली ती आश्रमशाळेत, आणि ती हुकमांतूनच भेटली. ऊठ. बस. धू. वाच. लिही. घरची बोली दाराबाहेर ठेवायची, चपलांसारखी. त्या हुकमांत मऊ हुकूम एकच होता. अधीक्षिका बेबीबाई डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "नाही समजलं तर विचार. घाबरू नको, विचार." हा शब्द माझ्या कानात त्यांच्या हाताच्या वजनासकट बसला. विचार करणे असंही काही असतं हे पुढे कळलं, पण ते 'करणे'सकट कळलं. नुसता 'विचार' समोर आला की मला आजही आधी तो हात आठवतो. आणि बावीस वर्षांपूर्वी, मी डी.एड. करत असताना, धर्मेंद्र पाटील सरांनी जी चाचणी काढली तिच्यात पडद्यावर नुसताच 'विचार' होता. सर तेव्हा तिशीतले, विद्यालयात आलेल्या दोन संगणकांचे मालक असल्यासारखे वागायचे. शिक्षक घोकून पास होतात, विचार करून नाही, असं ते म्हणायचे, आणि हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. म्हणून त्यांनी पडद्यावर वर प्रश्न आणि खाली दोन चौकटी अशी रचना केली: एकीवर 'विचार', दुसरीवर 'उत्तर'. पहिलीत आपण कसा विचार केला ते लिहायचं. करा नाही, लिहा नाही, नुसतं विचार. एका संगणकापुढे दोघी-दोघी बसवल्या होत्या, आळीपाळीनं. प्रश्न मला अर्धा समजला होता. मी पाहिलं तर सरांनी लिहूनच ठेवलं होतं, विचार. मला बरं वाटलं. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, की त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल माया वाटली. मी शेजारी बसलेल्या अनुसयाकडे वळून म्हटलं, ह्याचं पुढे कसं करायचं गं? सर मागेच उभे होते. त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, सर, तुम्हीच लिहिलंय ना, विचार. त्यांना उमगलं, आणि मग ते हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्यांनी ते वर्गाला समजावून सांगितलं. वर्ग हसला. मीही हसले, अर्ध्या क्षणानं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरले असते. पण त्यांनी हसून झाल्यावर लाल पेन काढलं आणि माझ्या पत्रकावर 'नक्कल' असा शेरा मारला. नियम म्हणजे नियम, ते म्हणाले.

त्या शेऱ्यानं अंतर्गत गुण गेले, अंतर्गत गुणांनी परीक्षा गेली, परीक्षेनं वर्ष. बाप मोलगीहून जीपच्या टपावर बसून अक्कलकुव्यापर्यंत आणि तिथून एसटीनं आला, आणि कार्यालयाच्या दाराशी उभा राहिला. आत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. गोवाल वसावे ह्या माणसाला आमच्या पाड्यात लोक भांडणं सोडवायला बोलवायचे, आणि तिथे तो एका खुर्चीकडे बघत पाऊण तास उभा होता. सर त्याच्याशी बरं बोलले, ह्याचाच मला जास्त राग आहे. म्हणाले, तुमच्या मुलीला पाठांतर चांगलं आहे, पण विचार जमत नाही, तो तुमच्या लोकांचा दोष नाही, वातावरणाचा आहे. बापानं मान हलवली. परतीच्या वाटेवर त्यानं मला काही विचारलं नाही. त्या हिवाळ्यात मी त्याच्याबरोबर गुजरातेत ऊस तोडायला गेले, आणि माझ्या बॅचच्या मुली शिक्षणसेवक म्हणून लागल्या. पुढच्या वर्षी मी पास झाले तेव्हा भरती थांबली होती. ती किती वर्षं थांबली हे मला बोटांवर मोजता येतं, पण मोजायला गेले की बोटं वळतात ती मूठच होते.

मग मी शिकत सुटले. बी.ए., एम.ए., एम.एड., संगणकाचा डिप्लोमा, कुणी विचारलं एवढं कशाला तर सांगायचे, आवड आहे. आवड कसली, सूड होता तो, फक्त कुणावर उगवायचा ते ठरत नव्हतं. ह्या विद्यालयात लागल्यावर मी भावी शिक्षकांना विचार करायला शिकवायचं म्हणून संगणकावर एक साधं पान बनवलं. त्यात चार रकाने. काय दिसतं. काय वाटतं. कशावरून. आणखी काय असू शकेल. पहिले तीन सगळीकडे सापडतील, चौथा माझा. तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही, आणि 'माहीत नाही' लिहिलेलं ते घेत नाही. पहिल्या आठवड्यात मी एक फोटो देते: बाई, तोंडाला फडकं करकचून बांधलेलं, डोळे लाल. परगावची मुलं लिहितात, दुःखी आहे, रडते आहे. मग चौथ्या रकान्यापाशी अडतात, पेन चावतात, कुरकुरतात, आणि पाच मिनिटांनी कुणीतरी लिहितं की ती मिरचीच्या पथारीवर मजुरी करत असेल. इथून मी त्यांना शाळेतल्या मुलांपर्यंत आणते. मूल बोलत नाही. वाटतं, ढ आहे. कशावरून, कारण विचारलं तर गप्प बसतं. आणखी काय असू शकेल? फळ्यावर मी हे शिकवू शकले नसते, कारण फळ्यापुढे हुशार दोघं बोलतात आणि बाकीचे उतरवून घेतात. संगणक प्रत्येकाला एकेकटं अडवतो. शिवाय तो सगळं साठवतो. कुणी काय लिहिलं, काय खोडलं, कुठे किती वेळ थांबलं, हे फाईलचा इतिहास उघडला की सिनेमासारखं बघता येतं. त्यातून माणूस विचार करताना दिसतो. सरावासाठी शाळेत वर्गावर गेलेली मुलं मला सांगायला येतात की मॅडम, आज एका पोराला मारणार होतो, पण चौथा रकाना आठवला. तेव्हा मला वाटतं, ह्या प्रत्येक पोरामागे मी पाटील सरांच्या थोबाडीत एक एक ठेवून देते आहे. हा असा चांगला, कुणाला न दिसणारा सूड दहा वर्षं पुरला मला. रुचिका त्या दुपारी हसली आणि मला कळलं की तो पुरलेला नाही.

त्यानंतरचे दिवस मी रुचिकाला बघत काढले. माणसाचा राग करायचा ठरवला की तो कुठे कुठे सापडतो ते बघण्यासारखं असतं. तिचे कानातले. तिची शाईची बाटली, कारण त्या घरात अजून शाईचं पेन वापरतात. ती 'हो मॅडम' म्हणायची त्यातला तो मोकळेपणा, ज्याच्या मागे तीन पिढ्यांची बागायत आणि पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात काकाची नोकरी उभी असते. तिनं उत्तरासाठी हात वर केला तर मी बघितलं नाही. तिची वही शेवटी तपासली. क्षुल्लक गोष्टी, मला लाज वाटायला हवी होती, पण मला मजा येत होती. आणि ती हुशार होती, हे जखमेवर मीठ. तिचे चौथे रकाने वर्गात सगळ्यांत लांब असायचे. एक पानभर, मग ओळ सोडून 'अजून एक', मग पुन्हा 'अजून एक'. मी शिकवलं ते तिच्या अंगात भिनत होतं आणि ती त्याच तोंडानं घरी जाऊन बापाच्या विनोदाला हसत असणार, हा विचार मला रिक्षात, भाजी घेताना, आंघोळीला पाणी तापवताना छळायचा.

फेब्रुवारीत वर्षाचा प्रकल्प जमा झाला. सराव शाळेतल्या एका न बोलणाऱ्या मुलाचं चार रकान्यांत निरीक्षण. गुण चाळीस, आणि त्यावर परीक्षेला बसणं अवलंबून. तपासताना एक वाक्य दोनदा आलं. 'जे मूल बोलत नाही त्याच्याकडे उत्तर नाही असं नाही, त्याच्यापर्यंत प्रश्न पोचला नसेल.' आधी ते रिनाच्या फाईलमध्ये आलं आणि मी पेन खाली ठेवलं. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी हे एक वाक्य बोलायला हवं होतं, त्या कार्यालयात, त्या दोन खुर्च्यांसमोर. वरच्या पाड्यातली पोर हे लिहिते, मला वाटलं, झालं, माझं काम झालं. मग तेच वाक्य, जसंच्या तसं, रुचिका धर्मेंद्र पाटील हिच्या फाईलमध्ये आलं. रिनाची फाईल सकाळची, रुचिकाची दुपारची. मला जो झाला त्याला आनंदच म्हणायला हवं. पाटलाची पोर, डोंगरातल्या पोरीचं उचलते.

खोटं कशाला बोलू, मी इतिहास उघडला. सवयच आहे ती. रिनाची फाईल पुढे सरकू लागली, एकेक अक्षर, दोन-दोन सेकंदांनी, मध्येच वेलांटी चुकून पुन्हा खोडलेली. मराठी कळफलक तिला अजून जड जातो. आणि मग त्या वाक्यापाशी अक्षरं सरसर धावली, एकही चूक नाही, बारा सेकंदांत वाक्य पूर्ण. पुन्हा पूर्ववत, एकेक अक्षर. ते हात रिनाचे नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं: रिना अडलेली, वेळ संपत आलेली, रुचिका तिच्या खुर्चीच्या टोकावर टेकून म्हणते, सरक, मी लिहून देते, आणि लिहिता लिहिता तिचं स्वतःचं वाक्य त्यात उतरतं. दुपारी ती ते स्वतःच्या फाईलमध्ये लिहिते, कारण ते तिचंच असतं. दुसऱ्याच्या जागी बसायचं नाही एवढा एक नियम तिनं मोडला होता, आणि तोही रिनासाठी. त्या घरातून हे वाक्य यावं, हे मला सहन होईना. त्याच माणसाच्या ताटात जेवलेल्या पोरीनं माझ्या बाजूनं बोलावं आणि मी तिला त्याचे गुण द्यावेत? मी इतिहास बंद केला. रुचिकाच्या पत्रकावर शून्य टाकलं, आणि पुढे 'नक्कल' लिहिलं. लाल पेन ड्रॉवरमध्ये नव्हतं, ते मी शेजारच्या मॅडमकडून मागून आणलं.

आठवड्यानं पाटील सर आले. माझी कल्पना होती की ते दाराशी उभे राहतील आणि मी त्यांना बसा म्हणणार नाही. मी म्हटलंही नाही. ते आपणहून बसले. अशा माणसांना बसा म्हणावं लागत नाही. केस पिकलेले, हातात गाडीची किल्ली, मागे दाराशी रुचिका. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला, खरोखर उजळला.

"कमली ना तू? विचारवाली?"

मी म्हटलं, हो सर, तीच. ते हसले. म्हणाले, "मी दर साल तुन्ही गोट सांगू पोरेस्ले. माले अभिमान वाटस, मन्ही विद्यार्थिनी कथी पोची गई." त्यांच्या बोलण्यात तिळाएवढंही कपट नव्हतं. ज्या माणसाला मी बावीस वर्षं रोज झोडपत होते तो बावीस वर्षं मला प्रेमानं आठवत होता. दाराशी रुचिकानं मान वर केली. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर ती विनोदातली बाई माझ्या जागी येऊन बसताना मला दिसली. मी पत्रक पुढे केलं. म्हटलं, सर, नियम म्हणजे नियम. ह्या वाक्याची मी कितीदा तालीम केली होती, आरशासमोर, बसमध्ये. त्यांनी मान हलवली. बराबर शे, ते म्हणाले, कुणीतरी शहाणं माणूस शहाणपणाचं बोललं की आपण म्हणतो तसं. ते वाक्य त्यांचं होतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग ते मागे वळले.

"तुन्हीच चूक असीन. मॅडमना पाया पड, मिटी जाई."

रुचिका जागची हलली नाही. "पप्पा, तुम्ही माले इचारं बी नही."

"त्यामा इचारानं काय शे?" ते म्हणाले. "नक्कल लिखेल शे ना."

ती माझ्याकडे बघत होती, मी काही बोलते का म्हणून. मला बोलता आलं असतं. मला दिसत होतं की ह्या माणसाकडे चौथा रकाना तेव्हाही नव्हता आणि आजही नाही, स्वतःच्या पोरीसाठीसुद्धा नाही, आणि ही त्याची खोड आहे, त्यात मी अशी काही खास नव्हते. हे कळल्यावर राग निवायला हवा. माझा वाढला. माझ्या बापाचा अपमान ठरवून केलेला तरी असायला हवा होता. मी म्हटलं, पाया पडून गुण मिळत नाहीत, सर, तुम्हाला माहीतच आहे. ते उठले, ऊन चढायच्या आत निघावं लागेल म्हणाले, आणि जाताना पोरीच्या खांद्याला हात न लावता निघून गेले. मला गोड लागलं. त्या संध्याकाळी मी जिलेबी आणून खाल्ली, एकटीनं, पाव किलो, आणि नंतर मळमळत होतं ते जिलेबीमुळेच असं स्वतःला सांगितलं.

सोमवारी तास होता. सोमवारी आम्ही एक सामायिक पान उघडतो, जे सगळ्यांच्या पडद्यावर एकदमच दिसतं. कुणी एक जण स्वतःवर बेतलेला प्रसंग चार रकान्यांत मांडतो आणि बाकीचे त्याच्या चौथ्या रकान्यात भर घालतात. लिहिणाऱ्याचं अक्षर अन् अक्षर उमटताना सगळ्यांना दिसतं. मी विचारलं, आज कोण मांडणार. रुचिकानं हात वर केला नाही, सरळ लिहायला लागली. काय दिसतं: माझ्या प्रकल्पाला शून्य, शेरा नक्कल. काय वाटतं: मॅडमना वाटतं मी दुसऱ्या कुणाचं वाक्य उचललं. कशावरून: दोन फाईलींत एक वाक्य सारखं आहे आणि दुसरी फाईल आधीची आहे. चौथ्या रकान्यापाशी ती थांबली, मग तिची बोटं धावली. एक, मी खरंच उचललं असेल. दोन, दोघींनी एकाच पुस्तकातून घेतलं असेल. तीन, वाक्य माझंच असेल आणि दुसरीकडे ते कसं गेलं हे मी सांगू शकत नसेन, कारण सांगितलं तर माझं नुकसान टळून दुसऱ्याचं होईल. अजून एक: मॅडमनी फाईलचा इतिहास उघडला असेल, त्या नेहमी उघडतात. मग त्यांना हे आधीच माहीत असेल, आणि शून्याचं कारण नक्कल नसेल, दुसरं असेल. ते मला सुचत नाही. कुणाला सुचत असेल तर खाली लिहा.

मी दहा वर्षं शिकवते आहे. एवढा पुरता चौथा रकाना मला कुणी लिहून दिला नव्हता. मला तिचा अभिमान वाटला आणि तिला खुर्चीसकट उचलून बाहेर टाकावंसं वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलं आधी ते सांगता येत नाही. कुणीच खाली काही लिहिना. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. अडतीस माणसं आपापल्या पडद्याकडे बघत होती आणि त्या प्रत्येक पडद्यावर मीच होते. मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. पाच मिनिटं गेली की म्हणायचं, चला, पुढचा विषय. असल्या गोष्टी पाच मिनिटं गप्प बसलं की मिटतात, हे मी कार्यालयांत बघून शिकले आहे. आणि तेवढ्यात रुचिकाच्या ओळीखाली एक अक्षर उमटलं. ते. मग दोन सेकंद काही नाही. मग वा. मग क्. चुकलं, खोडलं. पुन्हा क्. तिसऱ्या रांगेत रिना पडद्याला नाक लावून, एका बोटानं लिहीत होती. ते वाक्य म. तिला काय लिहायचं आहे ते मला समजलं, रुचिकाला समजलं, तिनं मागे वळून मानेनं नको नको केलं, पण रिना कळफलकावरून डोळे काढत नव्हती. रिनानं कबूल केलं असतं की माझी फाईल दुसरीनं लिहिली, तर शून्य तिलाही लागलं असतं, तिचंही वर्ष गेलं असतं, आणि तिचाही बाप जीपच्या टपावरून आला असता. ते वाक्य माझ. मी माझा कळफलक ओढला. रिना अक्षरं शोधते आहे तोवरच जे काय करायचं ते करायला हवं होतं, आणि त्या पोरीच्या हळू हातांनी मला साधारण एक मिनिट दिलं होतं.

मी लिहिलं: कारण मला माहीत आहे. रुचिकाचं बरोबर आहे, मी इतिहास उघडला होता. वाक्य तिचं आहे, हे मला शून्य देण्याआधीच कळलं होतं. तिचे खरे गुण चाळीसपैकी अडतीस. शून्य मी तिच्या वडिलांना दिलं होतं. बावीस वर्षांपूर्वी धर्मेंद्र पाटील सरांच्या चाचणीत एका मुलीनं 'विचार' हा शब्द वाचून शेजारणीला विचारलं. तिनं तसं का केलं हे त्यांनी तिला विचारलं नाही, नक्कल लिहिलं, आणि तिचं वर्ष गेलं. ते अजून ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. ती मुलगी मी. कमलीबाई गोवाल वसावे.

बापाचं नाव मी एकदाही न अडखळता लिहिलं. पाटील सरांचं लिहिताना तर मला गारवा वाटला, भर मिरचीच्या हवेत. ते नाव अडतीस पडद्यांवर होतं, आता ते घरोघर जाणार होतं, शहाद्यापासून धडगावपर्यंत. माझंही त्याच ओळीत जाणार होतं आणि मला त्याची पर्वा नव्हती, किंवा होती, पण ती उद्याची होती. रिनानं लिहिणं थांबवलं. मी तिचं अर्धवट वाक्य खोडून टाकलं. कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतला एक जण वर बघून पुन्हा खाली बघू लागला. मी ह्या शांततेची वाट बघत होते खरी, पण ती आली तेव्हा मला तिच्यात काय करावं ते सुचेना, म्हणून हजेरीपट उघडून बसले.

तास संपल्यावर सगळे गेले. रुचिका माझ्या टेबलाशी आली. डोळे कोरडे होते. मला वाटलं आता ही माफी मागेल, त्या विनोदाची, आणि मी ती कशी नाकारायची हे मनात जुळवू लागले.

"मॅडम, हे पान मी प्राचार्यांना देणार शे," ती म्हणाली. घाईत तिचं मराठी सुटलं होतं.

मी म्हटलं, दे. शून्य जाणीवपूर्वक दिलं हे त्यात माझ्याच शब्दांत होतं. अशा कागदावर चौकशी लागते आणि चौकशीत काय होतं हे मला माहीत होतं. मग मी म्हटलं, त्यात तुझ्या वडिलांचं नाव आहे, तुला नको असेल तर ती ओळ मी काढते. हे मी का म्हटलं कोण जाणे. त्या एका ओळीसाठी तर सगळं केलं होतं.

तिनं पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. तिनं ओठ आत ओढून घेतले होते.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "घडनं ते घडनं."

तिनं छपाईचं बटण दाबलं. यंत्रात कागद नव्हते. मी कपाट उघडून नवा गठ्ठा फोडून दिला आणि तिला सांगितलं, दोन प्रती काढ, एक दे आणि दुसरीवर पोच घे, तारखेसकट सही घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नकोस.